उणिवेचा रकाना

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. मुलांना शिकवलं ते शिकवलंच, पण त्याहून जास्त मी फॉर्म भरले. जनगणना, मतदार यादी, शिष्यवृत्ती, पटनोंदणी, गुरांची मोजणी, घरात संडास आहे का, असेल तर वापरता का. एवढ्या फॉर्मांतून मी दोन गोष्टी शिकले. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि खोटं लिहायचं नाही. रिकामा सोडला की फॉर्म परत येतो आणि मग त्याच घरी, त्याच कुत्र्याला तोंड देत पुन्हा जावं लागतं. माझा फॉर्म कधीच परत आला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याला घरातले सगळे माझा वेंधळेपणा म्हणतात. वेंधळेपणा कसला? सवय होती ती.

आमचं गाव आष्ट्यापासून जवळच. घरचा ऊस, दोन म्हशी, मालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि एकुलता एक मुलगा. मुलगा इंजिनिअर. सहा वर्षं पुण्यात नोकरीला होता. पाच वर्षांपूर्वी मालकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि मी पोराला फोन केला, "ये." तो आला. राजीनामा देऊन, गादी गुंडाळून, टेम्पोतून आला. मी म्हटलं, "अरे, नोकरी?" तर म्हणाला, "राहू दे." हा त्याचा आवडता शब्द. भाजीत मीठ जास्त झालं, राहू दे. चुलत्यानं बांध कोरला, राहू दे. आणि मी गावभर सांगत सुटले, "आमच्या पोराला शेतीची लय आवड, नोकरीत जीवच रमला नाही त्याचा."

आता तो तेहतीस वर्षांचा झाला आणि लग्न जमेना. नऊ ठिकाणांहून नकार आले. मुलीकडच्यांना नावावर जमीन पाहिजे, पण जावई त्या जमिनीत उतरलेला नको. एका बाईनं तर मला तोंडावर विचारलं, "शेताला माणूस ठेवता येत नाही का?" मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण घरी आल्यावर मला माझाच राग आला. कारण पुण्यात असता तर ह्याच बाईनं पायघड्या घातल्या असत्या. त्याला इथं आणला कोणी? मी. त्याचं लग्न जमलं नाही तर त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं, आणि फोडणारी मीच होते.

त्यात ह्याचा खेळ. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आष्ट्याहून दोन दोस्त यायचे आणि आमच्या सोप्यात सतरंजी टाकून बसायचे. पत्ते नाहीत, कॅरम नाही. मध्ये एक हातानं काढलेला नकाशा आणि वीस बाजूंचा फासा. आमचा मुलगा गोष्ट सांगणार आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. "तुमच्यासमोर गुहा आहे, आत उजेड दिसतोय, काय करता?" मग खताच्या दुकानाचा मालक असलेला तीस वर्षांचा बाप्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "मी दबक्या पावलानं आत जातो," आणि फासा टाकायचा. फासा वाईट पडला की तो दबक्या पावलानं जाऊन दगडावर आपटायचा. आमचे मालक कॉटवर पडल्या पडल्या हुकूम सोडायचे, "सगळे एकदम आत जाऊ नका रं! एकजण बाहेर ठेवा! फौजेत असता तर खलास झाला असता!" त्यांना तो खेळ फार आवडायचा. मला नाही. मी चहा करायचे.

ह्या खेळात उतरायच्या आधी ज्यानं त्यानं आपला माणूस घडवायचा असतो. तो कोण, कुठला, ताकद किती, डोकं किती, हातात काय, पाठीवर काय. त्यासाठी इंटरनेटवर म्हणे आयते फॉर्म मिळतात. माहिती भरली की कॉम्प्युटरच बेरजा करतो, चित्र काढतो आणि छान पान तयार करून देतो. पण ते सगळं इंग्रजीत. दोस्त त्यात अडकायचे. म्हणून मुलानं घरी बसून तसाच फॉर्म मराठीत केला. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. कोणी सांगितलं होतं मला?

तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की महिनाभर मी त्याच्यामागं लागले होते, "नवा बायोडाटा कर. जुना आता दाखवण्यासारखा राहिला नाही, त्यात तुझं वय एकोणतीस आहे." तो रोज म्हणायचा, "करतो." एके दिवशी सकाळी पाण्याची पाळी होती म्हणून शेताकडं निघताना म्हणाला, "आई, लॅपटॉपवर फॉर्म उघडून ठेवलाय. जरा तपासून दे, शुद्धलेखन वगैरे."

तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्हाला काय वाटलं असतं?

मी चष्मा लावून बसले. सरकारनं आम्हा शिक्षकांना संगणकाची परीक्षा द्यायला लावली होती, तेव्हा मला ते यंत्र काही नवं नाही. पडद्यावर डाव्या बाजूला चित्र. आमच्याच पोराचं, पण रंगवलेलं. डोक्याला फेटा, हातात तलवार, मागं किल्ला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडं कुणाचा वाढदिवस असला की चौकात जो बोर्ड लागतो, त्यावर दहावी नापास पोरगं सुद्धा फेटा-तलवारीशिवाय दिसत नाही. उलट मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदाचं मनावर घेतलं.

पुढं रकाने. नाव, उंची, कुळ, देवक. सगळं बायोडाट्यातलंच. शुद्धलेखनाची एकच चूक होती, ती मी कागदावर टिपून ठेवली. पण रकाने रिकामे होते. आता रिकामा रकाना समोर दिसल्यावर माझे हात गप्प बसतील होय?

'पेशा'पाशी पहिला धक्का बसला. यादीतून निवडायचं होतं. योद्धा, वैद्य, शाहीर, मांत्रिक, भटक्या, चोर. मी वरून खाली, खालून वर तीनदा वाचलं. शेतकरी नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मुलींचे आईबाप शेतकरी नको म्हणतात ते म्हणतात, आता फॉर्ममध्ये सुद्धा जागा नाही? चोराला आहे, शेतकऱ्याला नाही! खाली 'इतर' होतं, तिथं मी ठळक 'शेतकरी' लिहिलं.

'शस्त्र' म्हणून होतं. मला वाटलं, तलवारीचं चित्र आहे म्हणून विचारत असतील, हौशी लोक असतात. खोटं कशाला लिहा? आमच्या घरात तलवार नाही. लिहिलं, 'कोयता (उसाचा), दोन'. 'चिलखत' ह्यावर जरा विचार करावा लागला. रेनकोट लिहिला. 'सोबतचे प्राणी', म्हशी दोन, पैकी एक गाभण. 'अवगत मंत्र', अथर्वशीर्ष अर्धं. 'भाषा', मराठी, हिंदी, इंग्रजी आणि बाजारापुरती कानडी. 'शत्रू' विचारलं होतं. इतका स्पष्ट बायोडाटा मी पहिल्यांदाच बघत होते. म्हटलं, पुढं भांडणं होण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, आणि लिहिलं, 'धाकटे चुलते, बांधावरून'.

मग आले गुण. बळ, चपळाई, बुद्धी, शहाणपण, छाप. शेजारी बटण, 'फासे टाका'. मी दाबलं तर यंत्रानं माझ्या मुलाला अठरापैकी सात बुद्धी दिली! बोर्डात आलेल्या पोराला! खाली 'स्वतः भरा' असं होतं, ते निवडलं. आता मार्क द्यायचं काम माझं. मी हात राखूनच मार्क देणारी, पण आपलं पोर म्हटल्यावर थोडं सढळ झालं. बळ सोळा, बुद्धी सतरा, शहाणपण सोळा, छाप पंधरा. लगेच लाल अक्षरं आली, 'एकूण गुण मर्यादेबाहेर. एखादा गुण कमी करा.' म्हणजे एकीकडं वाढवायचं तर दुसरीकडं कापायचं. मी अर्धा तास झगडले. शेवटी छाप नऊवर आणली. तसंही तो एकच टी-शर्ट घालून हिंडतो.

आणि दुसऱ्या पानावर, अगदी शेवटी, चांदणी लावलेला सक्तीचा रकाना. 'उणीव'.

आयुष्यात पाहिलेल्या एकाही बायोडाट्यात हा रकाना नव्हता. मी लिहिलं, 'निर्व्यसनी'. फॉर्म म्हणाला, ही उणीव नाही, किमान दोन वाक्यं लिहा. पोरानं दोस्तांसाठी पक्का बंदोबस्त करून ठेवला होता. मी लिहिलं, 'काही नाही'. परत लाल. 'घोरतो' लिहिलं, तेही नको. सोडून द्यावं म्हटलं तर पुढचं बटण दबेना. मी खुर्चीत मागं टेकून बसले. घरात कोणी नव्हतं, मालक सोप्यात झोपले होते. आणि पाच वर्षं जे घशात अडकलं होतं ते बोटांतून उतरलं.

'कुणालाही नाही म्हणता येत नाही. पुण्याची नोकरी शेतीच्या आवडीनं सोडली नाही, आईनं बोलावलं म्हणून सोडली.'

फॉर्मनं झटकन मान्य केलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण मोकळंही वाटलं. खोडायला हात गेला आणि थांबला. खोडलं तर रकाना रिकामा, आणि दुसरं काही लिहिलं तर खोटं. म्हटलं, दुसऱ्या पानाच्या तळाशी कोण बघायला जातंय! आणि धीर सुटायच्या आत तो फॉर्म माझ्या विट्याच्या नणंदेला पाठवून दिला. ती सगळ्या भावकीची लग्नं जमवते. तिनं तो न उघडताच अकरा घरांत धाडला.

दुपारी पोरगा शेतातून येतोय तोवर नणंदेचा फोन. "वैनी, कोयता काय म्हून लिवलाय गं? खंडाळ्याच्या पावण्यांनी इचारलं, पोरगा शेती करतोय का मारामाऱ्या करतोय?" पाठोपाठ दुसरा फोन. "अन् त्यो रेनकोट?"

मी मुलापुढं लॅपटॉप धरला. त्यानं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तळाच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाला, "आई, हा खेळाचा फॉर्म होता."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "मग सांगायचं नाही का तसं? मी सगळ्यांना फोन करते, चुकून गेला म्हणते!"

"राहू दे," म्हणाला आणि जेवायला बसला.

मला वाटलं होतं, ओरडेल. तेच बरं झालं असतं. भाकरी मोडता मोडता तो एवढंच म्हणाला, "छाप नऊच?" आणि मालक सोप्यातून ओरडले, "शस्त्र बराबर लिवलंय तिनं! कोयता लय कामाचा!"

दोन दिवसांत सात घरांचं 'नको' आलं, तीन घरांनी उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. मी जेवण टाकलं. एवढ्या वर्षांत कुणाचं नुकसान केलं नाही आणि केलं ते पोटच्या पोराचं. मग तिसऱ्या दिवशी अनोळखी आवाज. विट्याचे एक गृहस्थ. तिकडच्या पुष्कळ लोकांसारखे तेही दक्षिणेत गलाईचं दुकान चालवून परत आलेले, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. मुलगी विट्यातल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायला होती.

"बाई," ते म्हणाले, "उभा जन्म सोनं गाळण्यात गेला. दुकानात येणारा परतेक जण म्हणतोय, शुद्ध हाय. हीण किती हाय ते आपल्या तोंडानं सांगणारा एक बी माणूस मला भेटला न्हाई. तुमचा कागुद पयला. आमी रविवारी येतो. पोरगी बी येणार म्हणतीया."

मुलगी स्वतः घर बघायला येणार, हे नणंदेला पटलं नाही. मला तेव्हा काहीही पटलं असतं.

रविवारी मुलगी आली, सोबत वडील आणि माझी नणंद. साधी, चष्मा लावलेली, चप्पल दारात नीट जोडून ठेवणारी. दोस्तांना मी सक्त ताकीद दिली होती, आज फिरकायचं नाही. पोहे झाले, चहा झाला. तिचे वडील आमच्या मालकांशी मैसूरच्या पलटणीबद्दल बोलत बसले. मग मुलीनं मोबाईल काढला आणि सरळ आमच्या मुलाला विचारलं, "शेवटचा रकाना तुम्ही लिहिलाय?"

"नाही. आईनं."

"खरा आहे?"

 नणंदेनं पदर तोंडाला लावला. मी पोह्याच्या रिकाम्या बशा एकात एक घालायला लागले.

"म्हणजे आईंनी बोलावलं नसतं, तर तुम्ही आला असता का?" ती म्हणाली. विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच हवं होतं उत्तर.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता 'राहू दे' म्हणणार.

"नाही," तो म्हणाला.

अहो, मला ठाऊक होतं ते. मीच लिहिलं होतं, माझ्या हातानं, पूर्णविरामासकट! पण लिहिणं निराळं आणि पोराच्या तोंडून चार माणसांत ऐकणं निराळं. माझा तोल गेला. पाहुणे बसलेत, मुलगी बसलीय, कशाचंही भान राहिलं नाही. "मग जा की रं!" मी ओरडले. "उद्या जा पुण्याला! अजून वय गेलं नाही तुझं. बाप माझा मी बघीन, म्हणजे तुझा बाप, आणि ऊस पण बघीन! जा, मी सांगते, जा!"

"नाही."

"काय नाही?"

"नाही जाणार." त्याचा आवाज चढला नव्हता, पण मान वर होती. "आलो तू बोलावलंस म्हणून. ते खरं आहे. पण आता शेतातला ठिबक मी घातलाय, लावण मी केलीय. मला सकाळी तिथं जावंसं वाटतं. तू जा म्हटलंस तरी नाही जाणार."

 मालकांनी उजवा हात कॉटवर आपटला आणि म्हणाले, "शाब्बास!" कुणाला ते कळलं नाही. मी उठून आत गेले. गॅसवर काही नव्हतं तरी भांडं ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. तेहतीस वर्षांत पोरगा मला पहिल्यांदा नाही म्हणाला होता, आणि एका बैठकीत दोनदा.

निघताना मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. पाया पडली आणि म्हणाली, "काकू, तो रकाना चुकला आहे. ह्यांना नाही म्हणता येतं. दुरुस्त करून पाठवा, मग मी घरात काय ते सांगते."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझा फॉर्म परत आला.

पाहुण्यांची गाडी वळली आणि आम्ही दोघं लॅपटॉपपुढं बसलो. फॉर्म उघडला. पेशाच्या यादीत चोराच्या वर एक नवं नाव आलं होतं, 'शेतकरी'. त्यानं कधी घातलं, मला सांगितलं नव्हतं. मी ते निवडलं. मग उणिवेचा रकाना कोरा केला आणि सवयीनं माझी बोटं कळफलकावर गेली.

"मी लिहितो," तो म्हणाला.

मी हात मांडीवर घेतले. सोपं नव्हतं ते. त्यानं एका बोटानं सावकाश लिहिलं, 'आजवर माझे सगळे रकाने आईला भरू दिले. फॉर्म तपासायलाही तिलाच दिला.' दोन वाक्यं. फॉर्मनं मान्य केलं. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. त्यानं पाठवून दिलं.

दिवेलागणीला त्याचा मोबाईल वाजला. मी कणीक मळत होते, तसेच हात घेऊन बाहेर आले. पडद्यावर ओझरतं दिसलं ते चष्मा लावलेल्या मुलीचं चित्र, डोक्याला फेटा, हातात तलवारीच्या जागी इंजेक्शनची सुई. ह्यानं गुपचूप एक कोरा फॉर्मही जोडला होता, तो तिनं स्वतःसाठी भरून पाठवला होता. तो दुसऱ्या पानावर गेला, अगदी तळाशी, आणि वाचता वाचता त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की ते मी तो बारावीत असल्यापासून बघितलं नव्हतं.

"काय लिहिलंय उणिवेत?" मी विचारलं. "दाखव."

"नाही," तो म्हणाला आणि मोबाईल खिशात घातला.

मी तणतणत आत गेले, कणकेचे हात धुतले आणि देवापुढं साखरेची वाटी ठेवली.